कोंडा चालत नाही

कात्रीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. केस कापायचं दुकान, दिवसभर हातात कात्री आणि तोंडात तिच्याहून धारदार जीभ, मग दुसरं नाव लागतंय कशाला? नव्या बायका आधी बिचकायच्या. तिसऱ्या खेपेला त्याच म्हणायच्या, आम्हाला कात्रीकडेच बसायचंय, कितीही थांबावं लागलं तरी चालेल. दुसऱ्या खुर्चीवर वहिनी असायची, म्हणजे कात्रीच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. उरलेले दहा महिने वहिनी मुकाट्यानं केस कापायची आणि कात्रीच्या तोंडाचा पट्टा ऐकायची. दुकान मूळचं अण्णांचं, कात्रीच्या वडिलांचं. पुढे दोन खुर्च्यांचं दुकान, मागे दोन खोल्या, तिथे ही तिघं राहायची. आणि चौथं गिऱ्हाईक.

गिऱ्हाईक हे बोक्याचं नाव. दीड वर्षापूर्वी एका दुपारी दार उघडं बघून तो आत आला, रिकाम्या खुर्चीवर उडी मारली, आरशात स्वतःला नीट न्याहाळलं आणि झोपला. कात्री हाकलायला झाडू घेऊन आली, तर कधी नव्हे ती वहिनी बोलली. म्हणाली, गिऱ्हाईक आहे वन्सं, खुर्चीतून उठवायचं कसं? झालं, नाव पडलं. राखाडी अंगाचा, एक कान फाटलेला, आणि स्वतःला दुकानाचा मालक समजणारा.

त्याच्या आधी सहा महिने अण्णांना झटका आला होता. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. चाळीस वर्षं ज्या हातानं गावची डोकी सांभाळली तो हात मांडीवर नुसता पडून राहायचा. शब्द उरले तीन: हो, नको आणि दे. व्यायाम शिकवायला एक बाई यायची, तिनं दाबायला रबरी चेंडू दिला. अण्णांनी तो डाव्या हातानं खिडकीबाहेर फेकला. चमच्यानं खा म्हटलं तर तोंड फिरवायचे. कात्री त्यांच्यावर ओरडायची आणि मग मोरीत जाऊन रडायची. पण गिऱ्हाईक त्यांच्या मांडीवर जाऊन बसलं त्याच्या चौथ्या दिवशी कात्रीनं पाहिलं, अण्णांच्या उजव्या हातात कंगवा होता. बोटं धड वळत नव्हती, कंगवा अंगठ्याच्या बेचक्यात अडकवलेला. पण हात मानेपासून शेपटीपर्यंत जात होता, परत येत होता आणि पुन्हा जात होता. केसात कंगवा फिरवणं तेवढं तो हात विसरला नव्हता.

त्या दिवसापासून रोज सकाळ-संध्याकाळ अण्णा खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे आणि बोक्याला विंचरायचे. हात हळूहळू शहाणा व्हायला लागला. वर्षभरात कप धरला, चमचा धरला. व्यायामवाली बाई म्हणाली, तुम्ही काय केलंत? कात्री म्हणाली, आम्ही मांजर पाळलं. विंचरून झालं की अण्णा कंगवा दोनदा झटकायचे आणि समोरच्या डब्यात ठेवायचे. चाळीस वर्षांची सवय ती. तो डबा दुकानातल्या कंगव्यांचा आहे, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसत होतं आणि कुणाच्याच डोक्यात येत नव्हतं.

मग गिऱ्हाइकाच्या पाठीवर पांढरं पांढरं दिसायला लागलं.

आता कात्रीसारखीला पाठीवर पांढरं दिसलं की ती काय म्हणणार? कोंडा. तीस वर्षं ती लोकांची डोकी बघत होती. कोरडा कोंडा, तेलकट कोंडा, काळजीनं होणारा कोंडा, टोपीनं होणारा कोंडा, माणूस दारातून आत शिरला की खांदे बघून ती सांगायची. बोक्यालाही कोंडा झाला असं तिनं एका नजरेत ठरवलं आणि कोंड्याच्या औषधी शॅम्पूनं त्याला दोनदा अंघोळ घातली. गिऱ्हाइकानं तिला ओरबाडलं, दोन दिवस तिच्याकडे पाठ करून बसला, आणि पाठीवरचं पांढरं होतं तसंच राहिलं. कात्री म्हणाली, हट्टी कोंडा आहे. पण गाठ माझ्याशी आहे.

पुढच्या पंधरा दिवसांत एक-एक बाई मान खाजवत यायला लागली. कुणाच्या मानेवर लाल पुटकुळ्या, कुणाच्या दंडावर. स्वतः कात्रीच्याही पोटावर आल्या होत्या, पण तिनं खापर नव्या अॅप्रनच्या कापडावर फोडलं आणि दुकानदाराला जाऊन चार शब्द सुनावून आली. बिचारा अॅप्रनवाला.

शेवटी प्रकरण पेटलं ते मालकीणबाईंमुळे. मालकीणबाई म्हणजे त्या इमारतीच्या मालकीण, वरच्याच मजल्यावर राहायच्या. मूल नाही, बाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात एक पांढराशुभ्र, लोकरीच्या गुंड्याएवढा कुत्रा. त्याला त्या साहेब म्हणायच्या आणि अहो-जाहो करायच्या. साहेबांनी आज दूध घेतलं नाही. साहेब जरा नाराज आहेत. दर शुक्रवारी सकाळी मालकीणबाई केस धुऊन घ्यायला खाली यायच्या, आणि त्या खुर्चीत असेपर्यंत साहेब एकतर अण्णांच्या मांडीवर असायचे, नाहीतर गिऱ्हाइकाच्या टोपलीत त्याच्याच अंगाला अंग लावून झोपलेले.

त्या शुक्रवारी मालकीणबाई आल्या त्या साहेबांना वरच ठेवून. खुर्चीत बसल्याच नाहीत. मध्यभागी उभ्या राहून त्यांनी बाह्या वर केल्या. दोन्ही हात आतल्या बाजूनं पुटकुळ्यांनी लाल झाले होते. कातडीच्या डॉक्टरनं त्यांना एकच विचारलं होतं, घरात जनावर आहे का? त्यांनी उत्तर दिलं होतं, आमचे साहेब आठवड्याला अंघोळ करतात, पण खाली दुकानात एक मांजर आहे.

"ते खरजुलं मांजर रविवारपर्यंत इथून गेलं पाहिजे," मालकीणबाई म्हणाल्या. "महिनाअखेरीस करार संपतोय. मांजर दिसलं तर नव्या करारावर माझी सही होणार नाही."

दुकानात तीन बायका होत्या. वहिनीच्या खुर्चीवर शाळेतल्या मास्तरीणबाई बसल्या होत्या, डोक्याची एक बाजू कापून झालेली, दुसरी बाकी. कात्रीच्या अंगाचा भडका उडाला. खरजुलं म्हणे. करार राहिला बाजूला, तिच्या नजरेवरच शंका घेतली होती या बाईनं. ती म्हणाली, याला खरूज नाही, साधा कोंडा आहे, आणि कोंडा म्हणजे काय ते मला या गावात कुणी शिकवायचं नाही. एवढ्यावर थांबली असती तर ती कात्री कसली? केस कापताना गळ्याभोवती बांधतात ते काळं कापड तिनं झटकून खिडकीपाशी टेबलावर पसरलं, अण्णांच्या मांडीवरून गिऱ्हाइकाला उचलून त्यावर ठेवलं आणि बारीक दातांची फणी त्याच्या पाठीवरून उलटी फिरवली. काळ्यावर पांढरा भुसा पडला. या, सगळ्याजणी या, जवळून बघा, ती म्हणाली. आणि बोट रोखून दाखवायला स्वतःच खाली वाकली.

ऊन सरळ कापडावर पडलं होतं. भुशातला एक कण हलला. वारा असेल म्हणून कात्रीनं श्वास धरला. कण पुन्हा हलला, थांबला, आणि कापडाच्या चुणीवर चढायला लागला. त्याच्या मागून दुसरा.

"अगं बाई," मास्तरीणबाई शेजारून म्हणाल्या, "हा चालतोय."

पुढच्या मिनिटाला दुकान रिकामं झालं. मास्तरीणबाई अर्ध्या डोक्यानिशी गेल्या. मालकीणबाईंनी जाताना दारातून वळून फक्त बोट वर केलं. रविवार. कात्री टेबलापाशी तशीच उभी होती. जिच्या नजरेवर दुकान चालत होतं, तिनं स्वतःच्या हातानं, चारचौघींना बोलावून, भर उजेडात स्वतःला खोटं पाडलं होतं. तोंडात मारल्यासारखं झालं होतं तिला, आणि मारणारीही तीच.

पण हातपाय गाळून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. दुपारीच तिनं गिऱ्हाइकाला टोपलीत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई बुटकी, कोपरापर्यंत बाह्या सारलेली, फार न बोलणारी. तिनं बोक्याच्या पाठीवर चिकटपट्टी दाबली, ती काचेवर चिकटवली आणि मायक्रोस्कोपमध्ये डोळा घातला.

"कोंडा चालत नाही, बाई," ती म्हणाली.

"आमचं दुकान कोंड्यावरच चालतं," कात्री म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसली नाही. तिनं कात्रीलाही बघायला लावलं. आठ पायांचा, कमरेत आवळल्यासारखा एक किडा, तोंडाशी दोन आकडे. कातडीवर राहतो, तिथला कोंडा अंगावर घेऊन फिरतो, म्हणून लांबून कोंडाच चालतोय असं वाटतं. मांजर, कुत्रा, ससा, सगळ्यांना होतो, एकमेकांच्या अंगाला लागून पसरतो. माणसाच्या अंगावर येतो, चावतो, पण तिथे संसार थाटत नाही; जनावर साफ झालं की माणसाची खाज आपोआप जाते. मानेच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे, औषधाचे थेंब सोडायचे, पंधरा-पंधरा दिवसांनी तीन वेळा. अंथरुणं गरम पाण्यात धुवायची, खोल्या कोपऱ्यांसकट झाडून-पुसून काढायच्या. मग तिनं माणसांच्या शॅम्पूवरून कात्रीला चांगलं झापलं. मांजर अंग चाटतं, ते सगळं पोटात जातं, हे कळत नाही का? कात्रीनं आयुष्यात पहिल्यांदा उलट उत्तर दिलं नाही.

कंगवा कुठला वापरता, असं डॉक्टरीणबाईनं विचारलं. कात्रीच्या डोळ्यांसमोर तो डबा आला. दोनदा झटकलेला कंगवा, आणि नंतर तोच कुणाच्या तरी मानेवर. डॉक्टरीणबाई म्हणाली, जास्त पसरतं ते मांडीवर घेतल्यानं, पण कंगवे उकळा आणि याचा वेगळा ठेवा. कात्रीनं विचारलं, याला कुणाला देऊन टाकला तर सुटेल का? डॉक्टरीणबाई म्हणाली, किडे त्यांच्या घरी जातील, एवढंच. आणि याच्याबरोबर झोपणारं दुसरं जनावर असेल तर त्यालाही आज-उद्या औषध द्या, नाहीतर सगळं फिरून येईल. कात्रीला साहेब आठवले, टोपलीत पसरलेले.

घरी वहिनी वाट बघत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग शांतपणे सांगितलं की तिनं आपल्या भावाला विचारलंय. त्याचं गोदाम आहे, तिथे उंदीर आहेत, औषध झाल्यावर तो बोका ठेवून घेईल. तोवरही मागच्या शेडमध्ये बांधून ठेवता येईल.

"वन्सं, मांजर गेलं तर अण्णांना वाईट वाटेल," वहिनी म्हणाली. "पण दुकान गेलं तर अण्णांना ठेवणार कुठे?"

यात खोटं काय होतं? वहिनी वाईट बाई नव्हती. तिचं बोलणं रास्त होतं, म्हणूनच कात्रीला जास्त झोंबलं. रात्री जेवताना ती वहिनीला म्हणाली, बघू, रविवारी भावाला बोलाव.

शनिवारी सकाळी तिनं घरातले सगळे कपडे गरम पाण्यात भिजवायला काढले आणि अण्णांना म्हणाली, शर्ट काढा. अण्णा म्हणाले, नको. ती हसत पुढे गेली. गेला दीड महिना अण्णा तिला शर्टाला हात लावू देत नव्हते. बाहीचं बटण स्वतः लावायचे, उजव्या मनगटाचं डाव्यानं आणि डाव्याचं, कितीही वेळ लागो, उजव्या हातानं. कात्रीनं हे कौतुक अख्ख्या गल्लीत सांगितलं होतं. आमच्या अण्णांना आता बटणं लावता येतात. उकाड्यातही पूर्ण बाह्या, गळ्यापर्यंत बंद. म्हातारपणी नटायची हौस आली, असं ती चिडवायची.

अण्णांनी मनगट छातीशी आवळून धरलं. कात्रीनं जबरदस्तीनं बटण काढलं आणि बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत हात नुसता सोलवटला होता. पुटकुळ्या, ओरखडे, खाजवून खाजवून बसलेल्या खपल्या. दुसरा हातही तसाच. मांड्यांचं तर विचारू नका. दुकानातल्या सगळ्या बायकांचं मिळून झालं नसेल एवढं या एका माणसाच्या अंगावर होतं, आणि त्यानं दीड महिना हूं की चूं केलं नव्हतं. बोलता येत नव्हतं म्हणून नव्हे. त्यांना कळलं होतं, सगळ्यांच्या आधी. आणि हेही कळलं होतं की हे दिसलं तर बोका जाईल. म्हणून त्या मोडक्या हातानं बटण लावायला शिकून घेतलं होतं त्यांनी, झाकण्यासाठी.

कात्री तिथेच जमिनीवर बसली. तिला अण्णांचा राग आला, स्वतःचा आला, किड्यांचा आला, आणि सगळ्यांत जास्त त्या वर केलेल्या बोटाचा आला. अण्णा तिच्याकडे बघत नव्हते. मागच्या खोलीत कोंडलेला गिऱ्हाईक दार खरवडत होता, त्या दाराकडे बघत होते.

"दे," अण्णा म्हणाले.

तिनं मलम आणलं, दोन्ही हातांना, मांड्यांना लावलं. मग दार उघडलं. औषधाचे थेंब पडून एक रात्र उलटली होती. तिनं अण्णांच्या मांडीवर धुतलेली चादर टाकली, तिच्यावर काळं कापड, आणि त्याच्यावर बोका ठेवला. वहिनीला सांगितलं, भावाला फोन कर, येऊ नको म्हणावं. वहिनीनं काही म्हणायच्या आत ती पुठ्ठा आणि जाड पेन घेऊन बसली होती.

दुपारी दाराला पाटी लागली. कात्रीच्या हातचं मोठ्ठं, तिरपं अक्षर:

"आमच्या बोक्याच्या अंगावर किडे झाले. आम्ही त्याला कोंडा समजलो, ही चूक आमची. त्याचा कंगवा आणि तुमचे कंगवे एका डब्यात होते, तीही चूक आमचीच. आता सगळं उकळलं आहे. ज्यांना खाज आली त्यांनी आत येऊन तोंडावर सांगावं, आम्ही ऐकून घेऊ. घरी कुत्रं-मांजर असेल तर घेऊन यावं, काळ्या कापडावर बघून देऊ. बोका इथेच राहणार."

वहिनीनं कपाळाला हात लावला. म्हणाली, वन्सं, लोक अशा गोष्टी झाकतात आणि तुम्ही दाराला लावताय, दुकानाला आपल्याच हातानं कुलूप घालणं आहे हे. कात्री म्हणाली, झाकून बघितलं की या घरात, दीड महिना झाकून बघितलं, काय झालं ते आत जाऊन बघ. मग तिनं वहिनीला अण्णांचे हात दाखवले. वहिनीनं मोठं पातेलं चुलीवर चढवलं आणि कंगव्यांची दुसरी खेप उकळायला टाकली.

लोकांनी पाटी वाचली. काही दारातूनच परत गेले. दोघीजणी आत येऊन खरंच तोंडावर बोलल्या, त्यातली एक तर तिच्या पुतणीचं लग्न, उघडा गळा आणि पुटकुळ्या या सगळ्यावर पाव तास बोलली. कात्रीनं हात बांधून ऐकून घेतलं. एका शिंप्यानं आपली मांजर आणली, ती स्वच्छ निघाली आणि तो मान ताठ करून गेला. एकीनं आणलेल्या कुत्रीच्या अंगातून काळी पूड पडली. कात्रीनं ओला कापूस लावला, पूड तांबडी झाली. या पिसवा आहेत, प्यायलेल्या रक्ताची ही त्यांची घाण, दवाखान्यात जा, ती म्हणाली. डॉक्टरीणबाईकडून निघताना तिनं एवढं विचारूनच घेतलं होतं. संध्याकाळी डोक्याला रुमाल बांधून मास्तरीणबाई आल्या. सोमवारी शाळेत अर्ध्या डोक्यानं कसं जाणार होत्या? त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, कंगवा उकळलेला आहे ना? कात्रीनं वाफाळता कंगवाच त्यांच्या नाकासमोर धरला.

रविवारी सकाळी मालकीणबाई खाली आल्या. या वेळी साहेब काखोटीला होते. त्यांनी पाटी एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली, आणि आत आल्या. अण्णा खिडकीपाशी बसले होते, मांडीवर काळं कापड, हातात फणी. आज बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. गिऱ्हाईक आपलं रोजचं विंचरणं आटपून मागे झोपायला गेला होता.

"इथेच राहणार, हे कुणी ठरवलं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"मी," कात्री म्हणाली. "भिंती तुमच्या, दार तुमचं, करार तुमचा. बोका आमचा."

मालकीणबाई म्हणाल्या, मग महिनाअखेरीस सामान बांधा. कात्री म्हणाली, बांधू. चाळीस वर्षांचं दुकान आहे, कुठेही दोन खुर्च्या टाकल्या की उभं राहील. पण साहेबांना औषध दिल्याशिवाय तुमची खाज जायची नाही, आम्ही गेलो तरी. तेवढं बघून घ्या. यावर मालकीणबाई तडकल्या. साहेबांना अंघोळ घालायला दर आठवड्याला माणूस येतो, हे त्यांनी पुन्हा ऐकवलं. कात्री म्हणाली, मीही गिऱ्हाइकाला दोनदा घातली होती.

हे चालू असताना साहेबांना कंटाळा आला. अण्णा दिसत होते, मांडी रिकामी होती. त्यांनी काखेतून अंग सोडवलं, जमिनीवर उतरले, तुरुतुरु गेले आणि अण्णांच्या मांडीवर चढून बसले. मालकीणबाई अहो, अहो म्हणेपर्यंत अण्णांचा हात त्यांच्या पाठीवरून उलटा फिरलाही होता. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पांढऱ्या अंगावर कधी दिसलं नसतं ते काळ्यावर पडलं. वहिनी वाकली, कात्री वाकली, मालकीणबाईही वाकल्या. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग एक कण निघाला आणि हळूहळू अण्णांच्या गुडघ्याच्या दिशेनं चालायला लागला.

कात्री दोन दिवस एक भाषण तोंडात घोळवत होती. पुढच्या रविवारपर्यंत साहेबांनी इमारत सोडावी, असा त्याचा शेवट होता. ते ओठावर आलंही होतं. पण मालकीणबाईंनी झडप घालून साहेबांना उचललं, छातीशी घट्ट धरलं आणि त्यांच्या मानेच्या लोकरीत तोंड खुपसलं. हातावरच्या पुटकुळ्या, कापडावरचे किडे, कशाकशाचं भान त्यांना राहिलं नव्हतं. कात्रीचं भाषण तिथल्या तिथे विरून गेलं.

"बघा, मालकीणबाई," ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता, पण ती मागे हटली नव्हती. "किडे डोळ्यांनी दिसले आणि तुम्ही त्याला लांब नाही केलंत. उराशी धरलंत. माझ्या बापानं दीड महिना हेच केलं. आता तुम्हीच सांगा त्यांना, सोडा म्हणून."

मालकीणबाईंनी मान वर केली. समोर अण्णांचे उघडे हात होते, मनगटापासून कोपरापर्यंत. अण्णांचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. अर्धवट सोडलेलं डोकं अण्णांना जन्मात सहन झालं नव्हतं. फणी धरलेला हात त्यांनी पुढे केला.

"दे," ते म्हणाले.

मग मालकीणबाई दोन पावलं पुढे आल्या, वाकल्या आणि साहेबांना त्यांच्या मांडीवर ठेवलं. कात्रीकडे न बघताच म्हणाल्या, त्या दवाखान्याचा पत्ता दे, आणि कराराचे कागद उद्या वर घेऊन ये. मग शेजारची खुर्ची ओढून अण्णांच्या अगदी जवळ बसल्या.

"मानेपाशी बघा," त्या अण्णांना हळूच म्हणाल्या. "तिथे जास्त खाजवतो तो. दोन महिने झाले."

अण्णांनी मान हलवली आणि फणी साहेबांच्या मानेकडे नेली.